हळदीची हिशेबपट्टी: सर्व्हरच्या बाजूच्या नोंदी

प्रकल्प: सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी सौद्याची नोंद आणि शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद). सर्व्हर पायथनवर, फ्रेमवर्क (तयार सांगाडा) फ्लास्क ३.१, डेटाबेस पोस्टग्रेस. टॅब्लेटवरचं अ‍ॅप दुसरी मैत्रीण लिहिते आहे. या नोंदी फक्त सर्व्हरच्या आहेत, पण भांडणं बहुतेक दोघींच्या मधल्या जागेतली आहेत.

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नवी हळद यायला लागली आहे, त्यामुळे दुकानात कुणाला निवांत बोलायला वेळ नाही. दिवाणजींच्या मागे उभं राहूनच कामाचा रस्ता समजून घेतला. शेडमध्ये लॉटचा सौदा निघतो, तिथेच टॅब्लेटवर लॉट नंबर, शेतकरी, गाव, राजापुरी की सेलम, हळकुंड की कणी, पोती, वजन, क्विंटलचा दर आणि खरेदीदार भरायचा. ते जेसन (दोन प्रोग्रॅममध्ये माहिती नेणारी मजकुराची मांडणी) होऊन सर्व्हरकडे येणार. सर्व्हर हिशेब करून पट्टी जेसनमध्येच परत पाठवणार आणि ती पेढीवरच्या प्रिंटरवर निघणार.

आज एकच गोष्ट पक्की केली: हिशेब सर्व्हरच करेल. टॅब्लेटने गुणाकार करायचा नाही, आलेलं दाखवायचं. दोन ठिकाणी गुणाकार झाला की दोन उत्तरं येतात आणि शेतकरी समोर बसलेला असतो.

सर्व्हर भाड्याने क्लाउडवर घेतला. मालकांना तो माळ्यावर ठेवायचा होता, पण २०१९ च्या पुराचा विषय काढल्यावर स्वतःच म्हणाले, "नको, ऱ्हाऊ दे वरच तिकडं."

४ फेब्रुवारी

टॅब्लेटवरून पहिली रिक्वेस्ट आली आणि ४१५, म्हणजे 'या प्रकारचा मजकूर घेत नाही' हा नकाराचा क्रमांक, खाऊन परत गेली. बॉडीतलं (मुख्य मजकुरातलं) जेसन अगदी चोख होतं. मजकुराचा प्रकार सांगणारा हेडर मात्र 'टेक्स्ट/प्लेन' सांगत होता. ब्राउझरच्या फेचला (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनला) बॉडी म्हणून नुसती स्ट्रिंग (साधा मजकूर) दिली आणि कन्टेन्ट-टाइप सांगितला नाही, की तो आपणहून टेक्स्ट/प्लेन लावतो. फ्लास्कचं गेट-जेसन आधी हेडर बघतं. तिथे 'अ‍ॅप्लिकेशन/जेसन' नसेल तर ते बॉडी उघडतही नाही.

इंटरनेटवर याचं सगळ्यात लोकप्रिय औषध म्हणजे गेट-जेसनला 'फोर्स' चालू करून द्या, म्हणजे हेडर न बघता वाचेल. ते घेतलं नाही. आमचं लॉगिन कुकीवर (ब्राउझर रिक्वेस्टला आपोआप जोडतो त्या ओळखचिठ्ठीवर) आहे. दुसऱ्या डोमेनवरचं पान टेक्स्ट/प्लेनची पोस्ट रिक्वेस्ट ब्राउझरकडून थेट पाठवून घेऊ शकतं. अ‍ॅप्लिकेशन/जेसन म्हटलं की ब्राउझर आधी ऑप्शन्सची रिक्वेस्ट पाठवून सर्व्हरची परवानगी विचारतो. फोर्स चालू करणं म्हणजे हा दरवाजा स्वतःच्या हाताने काढून ठेवणं. टॅब्लेटच्या बाजूने एक ओळ वाढवली, विषय संपला.

जुनी उदाहरणं वाचताना एक लक्षात ठेवायचं. चुकीच्या हेडरला पूर्वी इथे नुसतं 'नन' (पायथनचं 'काहीच नाही') मिळायचं. फ्लास्क ज्या लायब्ररीवर उभा आहे त्या वर्कझॉइगच्या २.१ पासून ४०० येऊ लागला आणि २.३ पासून ४१५. 'नन आला तर' अशी तपासणी लिहिलेला जुना कोड आज त्या ओळीपर्यंत पोचतच नाही.

६ फेब्रुवारी

टॅब्लेटवर लाल पट्टी: 'अनएक्सपेक्टेड टोकन <'. हा संदेश ज्याने एकदा बघितला तो जन्मभर ओळखतो. जेसनची वाट बघणाऱ्याला '<' ने सुरू होणारं एचटीएमएल मिळालं. यूआरएलमध्ये एक अक्षर चुकलं होतं, फ्लास्कने ४०४ चं सुबक एचटीएमएल पान पाठवलं आणि टॅब्लेट ते जेसन समजून वाचायला गेलं.

सगळ्या एचटीटीपी त्रुटींसाठी एक एरर-हँडलर लावला, आता चुका सुद्धा जेसनमध्ये जातात. साचा स्वतः शोधला नाही. आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ९४५७ मध्ये तयार आहे: प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील, आणि त्याला स्वतःचा कन्टेन्ट-टाइप 'अ‍ॅप्लिकेशन/प्रॉब्लेम+जेसन'. २०२३ चा हा दस्तऐवज, त्याआधी ७८०७ होता. तपशील मराठीत लिहिला, कारण तो दिवाणजी वाचणार.

टॅब्लेटच्या बाजूलाही सांगून ठेवलं की स्टेटस आणि कन्टेन्ट-टाइप बघितल्याशिवाय पार्स करायचं नाही. आमच्या पुढे एनजिनेक्स (रिक्वेस्ट आधी घेऊन फ्लास्ककडे देणारा वेब सर्व्हर) बसला आहे. फ्लास्कच झोपला तर ५०२ चं पान तो पाठवेल, आणि ते एचटीएमएलच असेल.

१० फेब्रुवारी

आजचा दिवस एका शून्याने खाल्ला.

दिवाणजींनी सरावासाठी खऱ्या लॉटची नोंद केली आणि पट्टी निघाली शून्य किलोची, शून्य रुपयांची. "ओ ताई, ४३५ किलो लिवलंय मी. हे शून्य कुठनं आलं?" टॅब्लेटच्या खिडकीत ४३५ स्वच्छ दिसत होतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये रिक्वेस्ट बघितली तर वजनाच्या जागी 'नल' (जेसनचं 'काहीच नाही').

दिवाणजींचा कीबोर्ड मराठी आहे, तो देवनागरी आकडे देतो. वजनाची चौकट साध्या मजकुराची ठेवली होती. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी '४३५' कळत नाही, ते 'नॅन' देतं, म्हणजे हा आकडाच नव्हे. जेसनच्या व्याकरणात नॅनला जागा नाही, म्हणून जेसन बनवणारं स्ट्रिंगिफाय त्याच्या जागी गुपचूप नल लिहितं, तक्रार करत नाही. आणि सर्व्हरवर कुठूनतरी चिकटवलेली एक ओळ होती: वजन घे, नसेल तर शून्य धर. चौघांनीही आपापल्या नियमाने काम केलं आणि शेतकऱ्याची हळद गायब झाली.

मजा अशी की पायथनला ते आकडे सरळ कळतात. इंट फंक्शनला देवनागरी '४३५' दिलं की तो पूर्णांक मिळतो, डेसिमलला (नेमका दशांश धरणाऱ्या प्रकाराला) '४.३५' दिलं तरी चालतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातला नमुना तपासणाऱ्या सूत्रातला) आकड्यासाठीचा 'डी' सुद्धा पायथनमध्ये देवनागरी आकडे धरतो, जावास्क्रिप्टमध्ये धरत नाही. म्हणजे एकच तपासणी दोन्हीकडे तशीच्या तशी लिहिली तर दोन वेगळे निकाल.

ठरलं ते असं. माणसाने हाताने भरलेलं वजन टॅब्लेट स्ट्रिंग म्हणूनच पाठवेल, जसं टाइप केलं तसं. आकडा करणं सर्व्हरचं काम. इंटवर डोळे झाकून सोडायचं नाही, कारण तो मधली अंडरस्कोरही खपवून घेतो. आधी स्वतःची तपासणी: फक्त आकडे, फार तर एक टिंब. रिस्पॉन्समध्ये सर्व्हरला काय समजलं ते परत जातं आणि टॅब्लेट चौकटीखाली दाखवतं. आणि 'नसेल तर शून्य' ही ओळ सगळ्या कोडमधून शोधून काढली. दर, पोती, हमाली, सगळीकडे होती.

११ फेब्रुवारी

कालच्याचं शेपूट. जेसनमधली 'की' (मूल्याचं नाव) आलीच नाही, 'की' आली पण मूल्य नल, 'की' आली पण मूल्य रिकामी स्ट्रिंग: पायथनमध्ये तिन्ही खोटी ठरतात, पण अर्थ तीन आहेत. नवीन नोंदीत तिन्ही चूक, हे सोपं. दुरुस्तीच्या रिक्वेस्टमध्ये मात्र 'की' नाही म्हणजे 'हात लावू नको' आणि नल म्हणजे 'काढून टाक'. खरेदीदार चुकून भरला गेला तर तो पुसता यायला हवा, म्हणून हा फरक जपावा लागतो.

व्याकरणच मोडलं असेल तर ४००. व्याकरण ठीक पण मजकूर चालण्यासारखा नसेल तर ४२२. सगळ्या चुका एकदम पाठवायच्या. एक दुरुस्त केली की दुसरी दाखवायची असला खेळ सौदा चालू असताना कुणी खपवून घेणार नाही.

आणखी एक: बॉडीत ऑब्जेक्टच (की आणि मूल्यांच्या जोड्या) आहे का, हे विचारलं पाहिजे. नुसता आकडा, नुसती स्ट्रिंग, नुसतं नल हेही वैध जेसन आहे. यादी आली आणि आपण तिच्यावर 'गेट' (कीवरून मूल्य मागणं) मारला की ५०० येतो, आणि ५०० म्हणजे दोष आपल्याकडे.

१४ फेब्रुवारी

वजनाचा दुसरा रस्ता आज जोडला. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या कॉम्प्युटरवरची छोटी स्क्रिप्ट क्विंटलमध्ये वजन पाठवते, जेसनमधला साधा आकडा म्हणून. चाचणीला ४.३५ क्विंटल आले. त्याचे किलो करायला १०० ने गुणलं तर ४३४.९९९९९९९९९९९९९४. त्यावर इंट लावला की ४३४. क्विंटलला १४,२५० चा दर धरला तर एक किलो म्हणजे १४२ रुपये ५० पैसे, एका लॉटमागे.

४.३५ ही संख्या बायनरीत नेमकी लिहिता येत नाही, हे कारण जुनंच. पण जेसनला दोष देण्यात अर्थ नाही. जेसन फक्त ४, टिंब, ३, ५ ही अक्षरं आणतं, त्यांचं फ्लोट (बायनरीतला जवळपासचा आकडा) करायचं की डेसिमल हे वाचणाऱ्याच्या हातात असतं. पायथनच्या जेसन मॉड्यूलला 'पार्स-फ्लोट' म्हणून डेसिमल देता येतं. फ्लास्कमध्ये त्यासाठी जेसन-प्रोव्हायडरचा (जेसन लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा) स्वतःचा वर्ग केला आणि त्याच्या लोड्समध्ये, म्हणजे वाचणाऱ्या फंक्शनमध्ये, हे बसवलं, गेट-जेसन आपोआप तेच वापरतं. आता ४३५ म्हणजे ४३५, आणि रक्कम ६१,९८७ रुपये ५० पैसे.

परत पाठवताना वेगळीच अडचण. फ्लास्क डेसिमलची स्ट्रिंग करून पाठवतं. टॅब्लेटने एके ठिकाणी हमाली आणि तोलाई जोडली, ५० अधिक २०, आणि उत्तर आलं ५०२०. जावास्क्रिप्टमध्ये दोन स्ट्रिंगांची बेरीज म्हणजे एकीला दुसरी चिकटवणं. बेरीज टॅब्लेटने करायचीच नव्हती हे खरं, पण ठरवलेलं सगळ्यांच्या हाताला लागेपर्यंत वेळ जातो. म्हणून रिस्पॉन्समधली प्रत्येक रक्कम पैशांत, पूर्णांकात: ६१,९८,७५०. कीच्या नावातच 'पैसे' घातलं. वजन ग्रॅममध्ये. जावास्क्रिप्ट ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक धरतो, एवढे पैसे यार्डात एका पट्टीवर होणार नाहीत.

लॉटचा लांबलचक क्रमांक मात्र स्ट्रिंगच. ज्याच्यावर बेरीज-वजाबाकी होत नाही तो आकडा नव्हे.

१७ फेब्रुवारी

रिस्पॉन्स उघडून बघितला तर 'हळद' च्या जागी बॅकस्लॅश-यू-०९३९, ०९३३, ०९२६ अशी रांग. हे चूक नाही, वाचणारा पार्सर त्याची पुन्हा हळदच करतो. पायथनचा जेसन मॉड्यूल मुळात सगळं आस्कीत (इंग्रजी अक्षरांच्या जुन्या संचात) लिहितो. पण यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत) देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात आणि या रांगेत ६. शिवाय लॉग वाचायला बसलं की डोकं फिरतं. आरएफसी ८२५९ प्रमाणे दोन यंत्रणांमधलं जेसन यूटीएफ-८ मध्येच असायचं असतं, मग लपवायचं कशाला? 'एन्शुअर-आस्की' बंद केलं.

तिथेच शेजारी 'सॉर्ट-कीज' (कीज अक्षरक्रमाने लावणं) आहे, तेही फ्लास्कमध्ये मुळात चालू. वजावटी एका ऑब्जेक्टमध्ये होत्या आणि प्रिंटर आल्या क्रमाने छापत होता, त्यामुळे पट्टीवर क्रम भलताच. सॉर्ट बंद करून भागलं असतं, पण ऑब्जेक्टमधल्या कीजचा क्रम जेसन कुणालाच वचन म्हणून देत नाही. वजावटींची यादी केली: प्रत्येक ओळीत नाव आणि पैसे. यादीचा क्रम कुणी हलवत नाही.

२० फेब्रुवारी

काही पट्ट्यांवर आदल्या दिवसाची तारीख. टॅब्लेटवर तारीख निवडली की स्थानिक मध्यरात्रीची वेळ तयार होते आणि तिचं आयएसओ रूप यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जातं, म्हणजे साडेपाच तास मागे, म्हणजे काल संध्याकाळचे ६:३०. सर्व्हरने पहिले दहा अक्षर उचलले. सौद्याची तारीख ही वेळ नाहीच, ती वर्ष-महिना-दिवस एवढीच स्ट्रिंग म्हणून पाठवायची. नोंद कधी झाली ती वेळ वेगळी, तिच्यासोबत +०५:३० लिहिलेलं हवं.

फ्लास्क स्वतः तारीख पाठवताना 'जीएमटी' लावलेल्या जुन्या पत्रासारख्या रूपात पाठवतं. प्रोव्हायडरमध्ये तेही बदललं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टीचा फायदा घेऊन जुनी एक्सेल आत ओढली. रिकाम्या खान्यांचे नॅन झाले आणि पायथनने ते जेसनमध्ये तसेच लिहिले. पायथन स्वतः लिहिलेलं नॅन स्वतः वाचतोही, म्हणून आमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या. ब्राउझरने मात्र अख्खा रिस्पॉन्स नाकारला, एका खान्यासाठी. डम्प्सला (जेसन लिहिणाऱ्या फंक्शनला) 'अलाउ-नॅन' बंद, लोड्सला नॅन दिसलं की त्रुटी. आता निदान सर्व्हरवरच बोंब होते.

१ मार्च

काट्याच्या पावतीचा फोटो बेस६४ (फाइलचा मजकूर करायची पद्धत) करून जेसनमध्येच घातला होता. बेस६४ मध्ये ३ बाइटचे ४ होतात, ९०० केबीचा फोटो १२०० चा झाला, आणि एनजिनेक्सची मूळ मर्यादा १ एमबी. उत्तर ४१३, म्हणजे 'फार मोठं आहे'. मर्यादा वाढवली नाही. फोटो वेगळ्या मल्टिपार्ट (फाइल जोडून पाठवायच्या) रिक्वेस्टने जातो, जेसनमध्ये फक्त त्याचा क्रमांक. फ्लास्कच्या बाजूने जेसनला ६४ केबीची मर्यादा घातली, सौद्याच्या नोंदीला ती भरपूर आहे.

५ मार्च

दुबार लॉट. मालकांनी दाखवला: तोच शेतकरी, तीच पोती, तेच वजन, दोन पट्ट्या. "एवढी हळद हाय कुठं त्याच्याकडं?"

शेडच्या पत्र्याखाली नेटवर्क येतं-जातं. रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली, नोंद झाली, रिस्पॉन्स परत येताना वाटेत हरवला. टॅब्लेटला वाटलं गेलंच नाही, त्याने पुन्हा पाठवलं. टॅब्लेटने पुन्हा पाठवणं बंद करायचं का? मग खऱ्या हरवलेल्या नोंदी हरवलेल्याच राहतील. पुन्हा येणारच असं धरून सर्व्हरने वागायला हवं.

फॉर्म उघडला की टॅब्लेट एक यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा ओळखक्रमांक) तयार करतं आणि ते त्या नोंदीसोबत कायम राहतं. पोस्टग्रेसमध्ये त्या स्तंभावर युनिक बंधन, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घालता येत नाही. पहिल्यांदा आलं तर नोंद आणि २०१ ('नवीन तयार झालं'), पुन्हा तेच आलं तर साठवलेली तीच पट्टी आणि २०० ('ठीक'). आधी शोधायचं आणि नसेल तर घालायचं, असं दोन पायऱ्यांत केलं तर दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी शिरतात आणि दोघींनाही 'नाही' असं उत्तर मिळतं. म्हणून सरळ घालायला जायचं आणि बंधनालाच अडवू द्यायचं.

यूयूआयडी तोच पण बॉडी वेगळी, असं झालं तर? कुणीतरी फॉर्म मागे नेऊन दर बदलला. तिथे जुनी पट्टी शांतपणे परत दिली तर दिवाणजींना वाटेल नवा दर लागला. म्हणून ४०९ ('आधीच्याशी जुळत नाही') आणि तपशीलात 'ही नोंद आधीच झाली आहे, दुरुस्ती वापरा'. बॉडी तीच का हे ओळखायला कच्च्या बाइटचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) घेतो. कीज वर-खाली झाल्या किंवा एक स्पेस जास्त आली तरी हॅश बदलतो, पण टॅब्लेट पहिल्यांदा बनवलेला मजकूरच साठवून पुन्हा पाठवतं, त्यामुळे इथे एवढं पुरतं. जेसनचं प्रमाण रूप ठरवणारा आरएफसी ८७८५ आहे, पण त्याचं ओझं या कामाला नको.

दुपारी शेडमध्ये मुद्दाम एअरप्लेन मोड चालू-बंद करत नोंदी केल्या. हमाल बघून हसत होते. दुबार एकही नाही.

८ मार्च

'कऱ्हाडे' शोधलं तर एक खातं मिळतं, दुकानात दोन आहेत. दिसायला अक्षर न् अक्षर सारखं. एकात 'ऱ' हे एकच चिन्ह, दुसऱ्यात 'र' आणि नुक्ता वेगवेगळे. जेसन दोन्ही इमानदारीने वाहून आणतं, ते सारखे आहेत हे त्याला माहीत असायचं कारण नाही. आत येणाऱ्या प्रत्येक स्ट्रिंगला एनएफसी (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलं तरी एका रूपात आणणारा युनिकोडचा नियम) लावलं, दोन्ही एक झाले. तिसरी तऱ्हा उरतेच: र, हलन्त आणि झीरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). ती एनएफसी एक करत नाही, तिच्यासाठी स्वतःचा बदल लिहिला. मराठी नावांवर काम करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं.

१२ मार्च

आठवडाभराच्या कागदी पट्ट्या आणि सर्व्हरच्या पट्ट्या समोरासमोर ठेवल्या. वजनं जुळली, दर जुळले, काही रकमांत एक रुपयाचा फरक. ६१,९८६ रुपये ५० पैशांचे दिवाणजी ६१,९८७ करतात, सर्व्हर ६१,९८६. पायथनचं डेसिमल नेमक्या अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं. बँकेत त्याला अर्थ असेल, पेढीवर अर्धा रुपया शेतकऱ्याच्या बाजूने जातो. दिवाणजींना विचारलं तर म्हणाले, "त्यात काय इचारायचं?" 'राउंड-हाफ-अप' केलं, तेही फक्त शेवटच्या रकमेवर. मधल्या वजावटी पैशांतच राहतात.

यादीत एक ओळ वाढली: 'पूर्णांक फरक', अधिक किंवा उणे पैशांत, म्हणजे पट्टीवरच्या ओळी जोडल्या तर बेरीज शेवटच्या रकमेशी लागते. टॅब्लेटला काही बदलावं लागलं नाही, कारण वजावटींची यादी ते आल्या क्रमाने छापतं.

पाडव्याच्या आधी राहिलेलं: दुरुस्तीच्या रिक्वेस्टच्या टेस्ट, आणि काट्याच्या स्क्रिप्टलाही यूयूआयडी. ती अजून बिनक्रमांकाची पाठवते.